बटण स्टार्ट गाडी: सुरू करणं सोपं, बंद करणं शिकून घ्या

बटण स्टार्टची गाडी घेताना पहिला प्रश्न चोरीचा येतो. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न हा की ही गाडी बंद झाली आहे, हे तुम्हाला कळणार कसं?

किल्ली फिरवायच्या गाडीत इंजिन चालू ठेवून किल्ली काढता येत नाही. ऑटोमॅटिक असेल तर बहुतेक गाड्यांत गिअर पी (पार्क) मध्ये टाकल्याशिवायही ती निघत नाही. म्हणजे किल्ली हातात आली की दोन्ही कामं झालेली असतात. बटणाच्या गाडीत स्मार्ट की, म्हणजे गाडीशी रेडिओ लहरींनी बोलणारी किल्ली, खिशातच असते, त्यामुळे ही खूण उरत नाही. किल्ली लांब गेली की गाडी बीप करते, पण इंजिन सहसा चालूच राहतं. हे मुद्दाम असं ठेवलेलं आहे, कारण भर रस्त्यात क्षणभर किल्लीचा सिग्नल तुटला आणि इंजिन बंद पडलं तर ते जास्त घातक.

हायब्रिडमध्ये धोका वाढतो. उभी गाडी शांत असते, बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि गॅरेज घराला लागून असेल तर तो घरात शिरतो. अशाने माणसं दगावली आहेत. म्हणून क्रम पक्का करा: ब्रेक दाबलेला, गिअर पी मध्ये, हँडब्रेक, बटण, मग डॅशबोर्ड काळा झाल्याची खात्री, आणि त्यानंतरच दार. काही गाड्यांत ठरावीक वेळाने इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असते. घेताना ती आहे का, हे आवर्जून विचारा.

आता चोरी. दाराला हात लावला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक देते. ती मीटर-दीड मीटरपर्यंतच पोचते. किल्ली ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. चोर दोघे असतात: एक गाडीजवळ, दुसरा घराच्या दाराशी किल्लीच्या जवळपास. दोघांकडची यंत्रं हाक आणि उत्तर फक्त पुढे पोचवतात, त्यामुळे गाडी आणि किल्लीमधलं सांकेतिक कुलूप कितीही मजबूत असलं तरी फोडावंच लागत नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० गाड्यांवर हे करून दाखवलं. नव्या काही गाड्यांत अल्ट्रा वाइडबँड असतं. ते सिग्नलला लागलेला वेळ मोजून खरं अंतर काढतं, आणि खरा इलाज तोच. काही किल्ल्या न हलता पडून राहिल्या की झोपी जातात, तेही उपयोगी. जुन्या गाडीसाठी सिग्नल अडवणारी पिशवी घ्या, पण तपासून: किल्ली आत ठेवून पिशवी दाराला टेकवा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पिशवी कुचकामी. घड्यांवर अस्तर फाटतं, म्हणून ही तपासणी अधूनमधून करत राहा.

किल्लीत बहुधा सीआर२०३२ सेल असतो, ३ व्होल्टचा. किल्ली गाडीजवळ टांगून ठेवली तर तिला सतत जागं व्हावं लागतं आणि सेल लवकर उतरतो. सेल मेला तरी अडकून पडत नाही. किल्लीच्या पोटातली धातूची किल्ली काढून दार उघडा, मग ब्रेक दाबून स्मार्ट की स्टार्ट बटणाला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी टेकवा. तिच्यातली चिप सेलशिवायच ओळखली जाते. जुना सेल लहान मुलांपासून लांब ठेवा. गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

सेल चांगला असून गाडी 'किल्ली सापडत नाही' म्हणत असेल तर किल्ली मोबाइलला चिकटून आहे का बघा. आणि बटण दाबल्यावर दिवे लागतात पण स्टार्टर फिरत नाही, तेव्हा ब्रेक पेडलवरचा स्विच तपासा. मागचे ब्रेक लाइट लागत नसतील तर संशय तिथेच. मॅन्युअल गाडीत बहुधा क्लचचा स्विच.

बटणाचे फायदेही खरे आहेत. झिजायला लॉक सिलिंडर नाही, जड जुडग्याचा भार इग्निशनवर नाही. जनरल मोटर्सला २०१४ मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्या याच भाराने किंवा धक्क्याने स्विच फिरून इंजिन बंद पडत होतं म्हणून, आणि मग एअरबॅगही उघडत नव्हत्या.

पण चालत्या गाडीत अॅक्सिलरेटर अडकला तर फिरवायला किल्ली नसते. आधी ब्रेक घट्ट दाबून धरा, पुन्हापुन्हा सोडू-दाबू नका, आणि गिअर न्यूट्रलला न्या. तरीही इंजिन बंद करावंच लागलं तर बहुतेक गाड्यांत बटण साधारण ३ सेकंद दाबून धरावं लागतं, काहींत भराभर ३ वेळा दाबूनही चालतं. एकदा दाबून सहसा काही होत नाही. इंजिन बंद झालं की स्टीअरिंग आणि ब्रेक जड होतात, त्यामुळे दोन्हींवर जास्त जोर लावायची तयारी ठेवा. तुमच्या गाडीची नेमकी पद्धत मॅन्युअलमधून काढा आणि घरात जे जे ही गाडी चालवतात त्या सगळ्यांना सांगा.