क्ले थॉम्पसन द्यायचा नव्हताच

माझा भाचा उदगीरला असतो, अकरावीला आहे. सुट्टीत लातूरला आला की आमचा एकच वाद: 2014 च्या उन्हाळ्यात NBA, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सनं आपला क्ले थॉम्पसन देऊन मिनेसोटाच्या केव्हिन लव्हला घ्यायला हवं होतं का? तेव्हा हा बालवाडीत होता, पण आकडे सगळे तोंडपाठ.

2013-14 च्या हंगामात लव्हनं मिनेसोटाकडून सामन्यामागे 26.1 गुण काढले, 12.5 रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे चेंडू, घेतले. क्लेचे गुण 18.4. वर लव्ह एवढा धिप्पाड असून तीन गुणांच्या रेषेबाहेरून, म्हणजे लांबून, मारायचा. "मामा, काय बोलूलालाव? वॉरियर्सचा स्टेफ करी आणि लव्ह एका संघात आल्यावर त्यांना अडवणार कोण?"

मी विचारतो, समोरच्यांना अडवणार कोण? वॉरियर्सच्या पश्चिम विभागात तेव्हा क्रिस पॉल, रसेल वेस्टब्रूक, टोनी पार्कर असे एकाहून एक पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन खेळ रचणारे चपळ खेळाडू, होते. त्यांच्यामागे पळायचं काम करीऐवजी साडेसहा फुटी क्ले करायचा, म्हणून करीच्या पायांत शेवटपर्यंत जीव राहायचा. आमच्या मैदानावर संध्याकाळी पोरं खेळतात तेव्हा हे रोज दिसतं. जो पोरगा बचावात पळून दमतो, त्याचा चेंडू शेवटी शेवटी रिंगच्या अलीकडंच पडायला लागतो. शॉट हातातून सुटत असला तरी जोर पायांतून येतो.

आमचे आजोबा हाळीच्या बाजारात बैल बघायला जायचे तेव्हा दावणीच्या बैलाची उंची आणि चाल मनात धरून जायचे. देवणीचा कितीही देखणा खोंड असो, घरच्या बैलाशी जोड लागत नसेल तर हात लावायचे नाहीत. भाच्याला हे पटत नाही. "तुम्हाला निकाल माहीत आहे म्हणून बोलताव," म्हणतो.

त्याचा हा मुद्दा खरा आहे. म्हणून 2014 च्या जुलैत जे माहीत होतं तेवढंच धरू. वॉरियर्सनी 51 सामने जिंकले होते, बचावात ते लीगमध्ये तिसरे होते. आक्रमण मात्र लीगमध्ये मध्यमच होतं, आणि त्याचं कारणही दिसत होतं: सामन्यामागे पास देण्यात हा संघ सगळ्यांत शेवटी होता. चेंडू फिरतच नव्हता. नवीन प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी नेमकं तेच दुखणं हातात घेतलं. ज्याला स्वतःला चेंडू हातात लागतो असा खेळाडू आणून ते बरं झालं नसतं. लव्ह सहा हंगाम खेळला होता आणि तोवर प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, एकही सामना त्याच्या वाट्याला आला नव्हता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. वॉरियर्सचे सल्लागार जेरी वेस्ट या अदलाबदलीच्या विरोधात ठाम उभे राहिले, ते उगीच नाही.

आता निकालाचं बोलू. हंगामाच्या तोंडावर वॉरियर्सच्या डेव्हिड लीची मांडी दुखावली आणि त्याच्या जागी ड्रेमंड ग्रीन आला. लव्हची जागाही तीच! तो आला असता तर ग्रीन बाकावरच राहिला असता. वॉरियर्स त्या वर्षी 67 सामने जिंकून विजेते झाले.

मग भाचा हुकमाचं पान टाकतो. 2016 ची अंतिम फेरी, सातवा सामना, शेवटचा मिनिट. क्लीव्हलँडकडून खेळणारा लव्ह करीसमोर उभा राहिला आणि करीला शॉट साधू दिला नाही. वॉरियर्स हरले. "बघा, बचाव करता येतो त्याला."

येतो. तो बचाव भारीच होता, मी कधीच नाकारलं नाही. पण त्या फेरीपर्यंत वॉरियर्स पोचले कसे? त्याआधी पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे होते; ओक्लाहोमा 3-2 नं पुढं, सहावा सामना त्यांच्याच घरी, आणि क्लेनं 11 तीन गुणांचे शॉट मारून 41 गुण काढले. ती रात्र नसती तर करी आणि लव्ह समोरासमोर आलेच नसते. यावर त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.