प्रार्थनेआधीचं एक मिनिट

त्या सकाळी धर्मस्थळाच्या सभागृहात मी पडदा बांधत होते. न्यूमोनिया वेळेत ओळखता यावा म्हणून बाळाचा श्वास कसा मोजायचा, याची चार मिनिटांची चित्रफीत दाखवायची होती. हीच चित्रफीत महिनाभर आधी आयांच्या मोबाइल ग्रुपवर टाकली होती. सगळ्यांनी पाहिली, अंगठेही पाठवले. पण घरोघरी जाऊन विचारलं, तर एकीनेही बाळाचा श्वास मोजला नव्हता. शेवटी धर्मगुरूंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मोजायला वेळ किती लागतो?"

"पूर्ण एक मिनिट," मी म्हटलं. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं, तर हिशेब चुकतो.

आरोग्याच्या कामात धर्म कशाला आणता, असं सहकारी विचारतात. मी त्यांना मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर देशाची १९८५ सालची गोष्ट सांगते. तिथे यादवी युद्ध पेटलेलं असताना कॅथलिक चर्चने मध्यस्थी केली आणि मुलांच्या लसीकरणासाठी लढाई थांबली. त्यामानाने मी फक्त एक मिनिट मागत होते.

प्रार्थना सुरू व्हायच्या आधी धर्मगुरू माइकवर म्हणाले, "ज्यांच्या मांडीवर बाळ आहे, त्यांनी अंगडं वर करा. आजचं पहिलं मिनिट बाळाच्या श्वासाला."

पडद्यावर एका बाळाचं उघडं पोट आणि शेजारी सेकंदकाटा. पोट वर आलं की एक. खाली जाऊन पुन्हा वर आलं की दोन. बाळ शांत हवं, रडताना किंवा दूध पिताना मोजायचं नाही, हे मी आधी सांगून ठेवलं होतं. सभागृहात फक्त पुटपुटत मोजल्याचा आवाज.

मिनिट संपलं. तिसऱ्या रांगेतून एक तरुण आई म्हणाली, "अडुसष्ट."

मला वाटलं, हिने पोट वर आलेलं आणि खाली गेलेलं वेगवेगळं मोजलं. ही चूक नेहमी होते. तिच्याजवळ बसून मी स्वतः मोजलं. सहासष्ट. बाळ सात महिन्यांचं, म्हणजे पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास हा धोक्याचा आकडा. मोजताना आणखी एक दिसलं. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. रात्रीपासून बाळाने दूध घेतलं नव्हतं.

"सर्दी आहे हो साधी," आजी म्हणाल्या. "प्रार्थना होऊ दे, मग बघू."

मी समजावू लागले. न्यूमोनिया, ऑक्सिजन, उशीर... माझे शब्द त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. तेवढ्यात धर्मगुरू खाली उतरून आले आणि म्हणाले, "आजी, आधी निघा. प्रार्थना आम्ही इथे करतो, तुम्ही वाटेत करा."

आजी लगेच उठल्या. त्यांनीच बाळाला छातीशी धरलं आणि सुनेच्या पुढे चालू लागल्या.

दवाखान्यात बाळाच्या पायाच्या अंगठ्याला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावला. आकडा शहाऐंशी. नव्वदच्या खाली म्हणजे ऑक्सिजन हवाच. नाकाशी नळी लावल्यावर आकडा एकेक करत चढू लागला. ती आई त्या लाल आकड्यांवरून नजर हलवत नव्हती. मीही नाही.

चित्रफितीने तिला मोजायला शिकवलं, याबद्दल मला शंका नाही. नुसत्या बोलण्याने मला ते जमलं नसतं. पण ती घरी असती, तर अडुसष्ट हा आकडा तिने कुणाला सांगितला असता?

सहाव्या दिवशी बाळ घरी आलं. पुढच्या आठवड्यात मी पडदा घेऊन पुन्हा गेले, तर दारातच धर्मगुरूंनी थांबवलं. "दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला किती सांगितलेत?"

"साठ. दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास, पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस. तेवढे किंवा जास्त भरले, की दवाखाना."

प्रार्थनेच्या वेळा लिहिलेला फळा दाराशीच होता. त्यांनी खडू घेतला आणि वेळांच्या खाली मोठ्या अक्षरांत तिन्ही आकडे लिहून काढले.