कन्सीड म्हणजे ‘बरं, तुझंच खरं, पण...’

वर्तमानपत्रासाठी भाषांतरं करतो म्हटलं की कोणी ना कोणी विचारतंच, ‘अ‍ॅडमिट म्हणजे कबूल करणं आणि कन्सीड म्हणजेही कबूल करणं. मग फरक काय?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

काच फोडली आणि ‘हो, मीच फोडली’ म्हटलं, की ते अ‍ॅडमिट. कन्सीडला मात्र आधी रीतसर वाद लागतो. आमच्या घरी चिपळूणला निघायचं म्हटलं की घाटावरून जुंपते. आई म्हणते कुंभार्ली, अण्णा म्हणतात ताम्हिणी. एकदा अर्धा तास झाल्यावर अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, ‘बरं, तुझंच खरं. पण वळणं फार आहेत.’ हे कन्सीड. त्यातला ‘पण’सुद्धा धरा. इंग्रजीतही कन्सीडच्या पाठोपाठ बहुधा ‘बट’ येतोच.

मूळ लॅटिन ‘सेडेरे’ म्हणजे सरणं, वाट सोडणं. रेल्वेचं कन्सेशन त्याच घरातलं. तिथे रेल्वे भाड्यातला काही भाग सोडते. निवडणुकीतही तेच. 2000 साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत अल गोर यांनी निकालाच्या रात्री प्रतिस्पर्धी बुश यांना फोन करून हार मानली, थोड्या वेळाने पुन्हा फोन करून शब्द मागे घेतला आणि शेवटी 13 डिसेंबरला कायमची मानली. अशा कबुलीला अमेरिकेत कायद्याचं बळ नाही, म्हणून तर ती मागे घेता आली.

खेळाच्या पानावर मात्र ‘मान्य’ आणि ‘कबूल’ दोन्ही बाजूला ठेवा. इंग्रजीत संघ गोल कन्सीड करतो आणि गोलंदाज धावा. मराठीत गोल खातात आणि गोलंदाज धावा देतो. नाशिकच्या बापू नाडकर्णींनी 1964 साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध एका डावात 32 षटकांत 27 निर्धाव टाकली आणि अवघ्या 5 धावा दिल्या. कन्सीड या शब्दाला इतका कंजूष माणूस क्वचितच भेटला असेल.

हे शहाणपण मला उशिरा आलं. नवा असताना मी लिहिलं होतं, ‘पाहुण्या संघाने दोन गोल मान्य केले.’ छापूनही आलं. सकाळी अण्णांनी त्या ओळीवर बोट ठेवून पेपर माझ्यापुढे सरकवला.

‘बरं, तुमचंच खरं,’ मी म्हटलं, ‘पण पान रात्री अकराला सोडायचं होतं.’