मोनॅको, स्पा आणि गॅस सिलिंडर

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय लटकतं आणि त्यावर सासूबाईंचं राज्य आहे. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, सगळं त्या बॉलपेनने बारीक अक्षरात त्या चौकोनांमध्ये मांडतात. मला या घरात येऊन एकोणीस वर्षं झाली, पण तिथे काही लिहायची हिंमत अलीकडेच झाली. मे महिन्यातल्या एका रविवारी मी लिहिलं, ‘मोनॅको’. संध्याकाळी सासूबाई बाहेरून आल्या त्या बिस्किटांचे चार पुडे घेऊनच.

“तूच लिहिलं होतंस ना?”

जुलैच्या एका रविवारी ‘स्पा’ लिहिलं, तेव्हा मात्र त्या दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “कॉलेज रोडला का गं? किती घेतात?”

तेव्हापासून मी प्रत्येक नावापुढे ‘गाड्या’ असं लिहिते.

मोनॅको आणि स्पा ही फॉर्म्युला वन या मोटारींच्या शर्यतींची ठिकाणं, आणि फॉर्म्युला वनच्या वर्षभरात हल्ली चोवीस शर्यती असतात. 1950 साली जागतिक अजिंक्यपद सुरू झालं तेव्हा सगळ्या मिळून सात होत्या. सातांच्या चोवीस झाल्या, पण वर्षाचे रविवार काही वाढले नाहीत. त्यामुळे कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर काढायचं यावरून भांडण अटळ. ते आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर होतं, माझ्यात आणि माझ्या भाच्यात. तो इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक असतं.

“आत्या, ओव्हरटेकिंगच नसेल तर ती रेस कसली? मोनॅको आधी काढून टाका.”

त्याचं म्हणणं अगदीच फोल नाही. 2024 साली मोनॅकोला पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोहोचले. अठ्ठ्याहत्तर फेऱ्या मारून जिथल्या तिथे! आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा याहून जास्त उलथापालथ होते. हल्लीच्या गाड्या दोन मीटरच्या आसपास रुंद, आणि रस्ते तेच जुने, दोन्हीकडे कठडे असलेले. नेल्सन पिके म्हणायचा, इथे गाडी चालवणं म्हणजे दिवाणखान्यात सायकल फिरवणं. आणि तो तर तीनदा जगज्जेता झालेला माणूस.

पण मी मोनॅको काढू देत नाही. तिथे रविवार शनिवारीच होतो, म्हणजे खरी लढत सुटायचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीत असते. एकट्या गाडीने कठड्यापासून बोटभर अंतर ठेवून तीन किलोमीटर तीनशे सदतीस मीटर जायचं. चूक झाली तर माफी नाही. 1955 साली अल्बर्टो अस्कारी गाडीसकट थेट बंदराच्या पाण्यात गेला होता. पोहत बाहेर आला, ही त्याची पुण्याई. आणि 1996 साली पावसात एकामागून एक गाड्या बाद होत गेल्या, चौदाव्या जागेवरून सुटलेला ऑलिव्हिए पानिस जिंकला आणि शेवटचा झेंडा बघायला तिघंच उरले. असं एखादं वर्ष येईल म्हणून मधली कंटाळवाणी वर्षं बसून काढायची. सत्यनारायणाची पोथी आपण काय दर वेळी कथेसाठी ऐकतो का?

ट्रॅक ओळखायची कसोटी मला सासूबाईंनीच दिली, त्यांच्याही नकळत. जपानची सुझुका शर्यत आपल्याकडे सकाळी साडेदहाच्या सुमाराला लागते. फोनवर बोलायचं म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद केला होता आणि त्या मेथी घेऊन समोर बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, “अगं, रस्त्यावरून रस्ता गेलाय! आणि मागे जत्रेतला पाळणा!” खरंच आहे. सुझुका आठच्या आकड्यासारखा आहे, स्वतःलाच पुलावरून ओलांडतो, आणि शेजारच्या करमणूक बागेतला आकाशपाळणा दर वर्षी कॅमेऱ्यात येतो. होंडाने 1962 साली तो गाड्यांच्या चाचण्यांसाठी बांधला. वाळवंटातल्या एका झगझगीत ट्रॅकबद्दल त्याच सासूबाई म्हणाल्या होत्या, “हे मागच्या आठवड्याचंच परत दाखवतायत का?”

आवाज बंद, गाड्या झाकलेल्या, तरी जागा ओळखू आली पाहिजे. एवढीच माझी अट. ट्रॅक तिथून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवता आला, तर तो तिथला नव्हेच. या शतकातले बरेच नवे ट्रॅक एकाच शिंप्याकडे शिवलेले. हर्मन टिल्के हे त्या शिंप्याचं नाव. माप बरोबर असतं, शिलाई पक्की असते, पण अंगात कोण आहे ते कळत नाही. (इस्तंबूलचं आठवं वळण मात्र त्याच्या हातून झकास झालं. ते मी त्याच्या नावावर जमा करते.) दक्षिण कोरियात येओंगामला ट्रॅक बांधला, त्याच्याभोवती शहर उभं राहणार होतं. शहर आलंच नाही आणि चार वर्षांत शर्यतही गेली. आधी देऊळ बांधून मग गावाची वाट बघावी, तसं झालं. जर्मनीतल्या होकेनहाइमचं उलटं. तिथे जंगलातून जाणारे लांबलचक सरळ रस्ते होते. 2002 साली ते उखडले आणि जागेवर झाडं लावली. झाडं लावल्याचं वाईट वाटण्याची माझ्या आयुष्यातली ही एकमेव वेळ.

मग लास वेगस. भाचा लास वेगसवर फिदा आहे. दिव्यांनी न्हालेल्या हॉटेलांमधून ताशी साडेतीनशेच्या घरातला वेग. दिसतं छान, नाही म्हणणार नाही. पण 2023 साली पहिल्याच सरावात, दहा मिनिटंही झाली नसतील, रस्त्यातलं एक झाकण निघालं आणि कार्लोस सायन्झच्या फेरारीचा तळ फुटला. वर नवे भाग बसवावे लागले म्हणून त्यालाच दहा जागा मागे ढकललं. झाकण रस्त्याचं, दंड गाडीवाल्याला! ऐकून सासूबाई म्हणाल्या, “मग आपलं काय वेगळं आहे?” एवढ्यावरच मी लास वेगसला पाच गुण दिले.

भारताचा विषय निघाला की माझी कसोटी डळमळते. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, सव्वापाच किलोमीटरला थोडा कमी. पहिली शर्यत 30 ऑक्टोबर 2011 ला झाली. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते आणि माझा भाऊ मुक्कामाला थांबला होता. हा भाचा तेव्हा चार वर्षांचा, चकलीची चाकं करून फरशीवर फिरवत होता. आम्ही फराळाचे डबे पुढ्यात घेऊन बसलो. त्या आठवड्यातल्या सरावात एक भटका कुत्रा ट्रॅकवर शिरला होता आणि लाल झेंडा दाखवून गाड्या थांबवाव्या लागल्या होत्या. जगभर हसले लोक. माझ्या अटीप्रमाणे तो ट्रॅक नापास व्हायला हवा, कारण तोही त्याच शिंप्याचा. पण कुत्रा दिसल्यावर मला पटलं की हा आपलाच. चालकांनाही चढउतारांचा तो ट्रॅक आवडला होता. शर्यती तीन झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेल जिंकला. 2013 ला तिथेच त्याचं चौथं जगज्जेतेपद पक्कं झालं, तेव्हा त्याने गाडी गरागरा फिरवली आणि उतरून तिला नमस्कार केला, अगदी दसऱ्याला आपण करतो तसा. पुढच्या वर्षी शर्यत नव्हती. हा खेळ की करमणूक, आणि करमणूक असेल तर कर किती, यावर सरकार आणि आयोजक अडून बसले होते.

आमच्या नाशिकला वेगाचं वावडं नाही. स्कॉर्पिओ सातपूरला जन्मली आणि रॅलीच्या गाड्यांनी इथल्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर धूळ उडवलेली आहे. म्हणून मागच्या पावसाळ्यात मी आणि भाच्याने कालनिर्णयाच्या उलटलेल्या पानामागे आपला ट्रॅक काढला. सुरुवात अशोकस्तंभ. तिथून रविवार कारंजा, मग उतार, होळकर पूल, पुलानंतर लगेच मालेगाव स्टँडचा चढ. पंचवटीतून हायवे, कन्नमवार पुलावरून द्वारका, मुंबई नाका, त्र्यंबक नाका आणि स्मार्ट रोडने परत अशोकस्तंभ. पिट, म्हणजे चाकं बदलायला गाड्या थांबतात ती जागा, कुठे यावर एकमत झालं नाही. भाच्याला ते मिसळीच्या दुकानासमोर हवेत. द्वारकेला सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवायला लावणारी गाडी, बाहेर काढायची गरजच नाही, तिथे सगळे आपोआप त्याच वेगाने जातात.

तो उतार आणि चढ काढताना माझा हात थांबला. हे तर स्पाच! बेल्जियमच्या डोंगरातला तो ट्रॅक, सात किलोमीटर आणि वर चार मीटर. पहिल्या वळणानंतर गाड्या खाली ओढ्यापर्यंत सुसाट उतरतात आणि तिथूनच समोरच्या टेकडीवर चढतात. ओढ्याचं नाव ओ रूज, म्हणजे लाल पाणी. दगडातल्या लोखंडाने त्याला तो रंग येतो. ट्रॅक एवढा पसरलेला आहे की एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला ऊन. सिडकोत कपडे वाळत घालावेत आणि गंगापूर रोडला भिजावं, तसं. 2021 साली तिथे पाऊस थांबलाच नाही. तासन् तास वाट बघून सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या झाल्या आणि अर्धे गुण वाटून सगळे घरी गेले. तमाशाच झाला. तरी चोवीसातली तेवीस नावं खोडायची वेळ आली, तर मी स्पा ठेवीन.

2025 च्या जुलैत स्पाच्या रविवारी मी आणि भाचा पंचवटीत गेलो होतो. शर्यत संध्याकाळी साडेसहाला. सहा वाजता होळकर पुलावर अडकलो. गोदावरीचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय ते बघायला अर्धं नाशिक कठड्याला टेकून उभं होतं. गुडघ्याच्या वर की कंबरेच्या खाली, यावर वाद चालू होता आणि त्यात आमच्या पुढचा रिक्षावालाही उतरून सामील झाला होता. पलीकडे रविवार कारंजाच्या चढावर भाच्याची स्कूटर दोनदा घसरता घसरता राहिली. घरी पोहोचलो तेव्हा सात वाजून गेले होते.

सासूबाई टीव्हीसमोर एकट्याच बसल्या होत्या.

“घाई करू नका. तिथे पाऊस लागलाय, थांबलेत सगळे. मी कांदा चिरून ठेवलाय.”

शर्यत ऐंशी मिनिटं उशिरा सुरू झाली आणि भज्यांचा दुसरा घाणा कढईत असताना आमचा गॅस संपला. नवा सिलिंडर लावून झाल्यावर त्यांनी बॉलपेन घेतलं आणि ‘स्पा – गाड्या’च्या खाली तारीखवार नोंद केली. मी त्यांना सांगितलं की स्पाला आता दर वर्षी जागा नाही, 2028 आणि 2030 ला हे नाव यादीत नसणार.

“म्हणजे क्षय,” त्या म्हणाल्या. पेनाचं टोपण लावता लावता थांबल्या. “मग वृद्धी कुणाची केली?”