त्या अधिक महिन्यात मी काय करत होते

‘राक्षस-पऱ्यांच्या गोष्टी? आणि त्याही अधिक महिन्यात?’ हा प्रश्न मला पतसंस्थेतल्या मैत्रिणींनी विचारला, नणंदेनं विचारला, सोसायटीतल्या काकूंनी तर दोनदा विचारला. हल्ली त्याला शेपूट जोडलेलं असतं: ‘एवढं मनापासून लिहीत होतीस, मग मध्येच सोडलंस का?’ पहिल्या प्रश्नावर मी आजवर दर वेळी वेगळंच काहीतरी सांगितलंय. दुसऱ्यावर ‘वेळच होत नाही’ म्हणते. ते खरं नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

२०२३ साली श्रावण अधिक होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. या महिन्यात कोणी पोथी लावतं, कोणी एकभुक्त राहतं, कोणी रोज देवळात दिवा लावून येतं. मी नेम धरला तो असा: रोज एक अद्भुत गोष्ट वाचायची, रोज काहीतरी अद्भुत पाहायचं आणि झोपण्याआधी वहीत एक पान स्वतःचं लिहायचं. तीस दिवस, तीस पानं. अनारसेही केले, तेहतीस मोजून केले, जावयाच्या ताटातही गेले. हे आधीच सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो.

त्यानंतरचा प्रश्न जरा खालच्या आवाजात येतो. ‘घरात काही झालं होतं का गं?’ नाही. काहीही झालं नव्हतं. नवरा चांगला आहे, मुलगा बारावीत होता, पगार वेळेवर होत होता. माझ्यावर काही कोसळलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. धडधाकट, चव्वेचाळीस वर्षांची, हिशेब लिहिणारी बाई रात्री अकरा वाजता उडत्या गालिच्याची गोष्ट वाचत बसते, हे मात्र कुणालाच कुठे बसवता येत नाही. एक गोष्ट कबूल करते. त्या वर्षी मला पहाटे तीनला जाग यायची आणि मग झोप लागायची नाही. डोळ्यांपुढे दिवसभरातलेच रकाने यायचे, ठेवी, हप्ते, थकबाकी. मला त्या वेळी दुसरं काहीतरी दिसायला हवं होतं. याला पळणं म्हणायचं असेल तर म्हणा.

तेव्हा मी एवढंही कबूल केलं नसतं. तेव्हा माझ्याकडे हुकमी उत्तर होतं, कादंबरीकार नाथमाधवांचं. ऐन तारुण्यात सिंहगडावर कड्यावरून कोसळले, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचायला लागले आणि मग लिहायला. १९१३ सालची त्यांची ‘वीरधवल’ ही कादंबरी मी शाळेत असताना सुट्टीत दोनदा वाचली होती, त्या महिन्यात तिसऱ्यांदा वाचली. घोडेस्वारी, भुयारं, गुप्त दारं, सगळं एका माणसानं गादीवर पडून रचलेलं. मी ठासून सांगायचे, ‘या माणसाला तुम्ही पळपुटा म्हणणार का?’ समोरचं माणूस गप्प व्हायचं. मला वाटायचं, जिंकले.

बाकी वाचनाचं फार सांगत नाही. रद्दीवाल्याकडून चांदोबाचे जुने अंक आणले होते, खांद्यावर वेताळ घेऊन चाललेला विक्रम पाहून चाळीस वर्षं मागे गेले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टी आणि गौरी देशपांड्यांनी केलेल्या त्यांच्या अनुवादाचे खंड शेजारी शेजारी ठेवून वाचायचा बेत होता. सोळा खंडांतला एकच झाला. पहिली नऊ पानं लिहिली तीही सांगण्यासारखी नाहीत. राजपुत्र, जंगल, शाप, जे वाचलं तेच परत.

नवव्या दिवशी ‘स्पिरिटेड अवे’ पाहिला, २००१ सालचा जपानी ॲनिमेशनपट. तुमच्यातल्या काहींनी मुलांबरोबर पाहिला असेल. त्यात देवांसाठी एक स्नानगृह असतं. तिथे एक चिखलानं लडबडलेला, घाण वास मारणारा पाहुणा येतो. कोणी जवळ जायला तयार नसतं. कामाला लागलेल्या त्या लहान मुलीला त्याच्या अंगात काहीतरी रुतलेलं हाताला लागतं. ती ओढते, सगळे ओढायला लागतात, आणि आतून सायकल निघते. सायकलीमागून भंगाराचा डोंगरच्या डोंगर. तो पाहुणा नदी असतो. मी तिथे थांबवला. मी पुण्यात राहते. इथली घाण मुळा-मुठेतून भीमेत जाते आणि भीमेतून उजनी धरणात. माझं माहेर उजनीच्या काठावर आहे, करमाळ्याच्या बाजूला. खरं म्हणजे माहेर काठावर नाही, पाण्याखाली आहे. काठावर आहे ते नवं गावठाण. पुढे त्या चित्रपटात आणखी एक नदी येते, घरं बांधायला बुजवलेली. तिच्या देवाला परत जायला जागा उरलेली नसते आणि तो स्वतःचं नाव विसरलेला असतो. त्या रात्री मी तीनची वाट न बघता दोनपर्यंत जागी राहिले.

दहाव्या पानापासून माझी गोष्ट सुरू झाली. धरण आटलेलं असतं. एक मुलगी भेगाळलेल्या गाळातून चालत जाते, तिला एक विहीर सापडते. विहिरीच्या चाळीस पायऱ्या मोजत ती खाली उतरते, तर खाली गाव जसंच्या तसं. डोक्यावर पाण्याचं आभाळ. चिलापी माशांचे थवे पाखरांसारखे घरांवरून जातात. दिवेलागणीला मारुतीच्या देवळातली घंटा आपोआप वाजते, की माणसं उंबऱ्यावर येऊन बसतात. फक्त गावाचं नाव कुणालाच आठवत नाही, ते मुलीनं वरून आणायचं असतं. नाव विसरायची कल्पना चित्रपटातूनच घेतली होती, पण बाकी सगळं माझं होतं. निदान मला तसं वाटत होतं. घंटा आजीची होती. आम्ही लहान असताना ती सांगायची, रात्री पाणी शांत असलं की खालून देवळातली घंटा ऐकू येते. मी कित्येकदा कान लावून जागी राहिलेय. माझा जन्म १९७९चा, नव्या गावठाणातल्या पत्र्याच्या घरातला. जुनं गाव मी पाहिलेलंच नाही.

दहा पानं दहा दिवसांत झाली. हात थांबत नव्हता. वीस वर्षांत काउंटरवर मला असं कधी वाटलं नव्हतं.

६ ऑगस्टला, रविवारी, धोंड्याच्या जेवणासाठी माहेरी गेलो. सकाळी देवळात जाऊन आले. दुपारी पुरणाचं जेवण झालं आणि सगळे ओट्यावर टेकले. भावाच्या मुलींना मी फोनवर गोष्टीबद्दल सांगितलं होतं, त्या मागे लागल्या. मी वही काढली. आप्पा, माझे वडील, बाजेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांना ऐकवायचं असं काही ठरवलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, त्यांना ऐकू जावं म्हणूनच मी आवाज चढवून वाचत होते. त्यांच्या गावाला मी परत उभं केलं होतं. शाबासकी मिळेल असं वाटत होतं.

मुली अगदी गुडघ्याला चिकटून बसल्या. माशांचे थवे आले तेव्हा वहिनीही काम सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. घंटेच्या ठिकाणी अडकित्त्याचा आवाज थांबला.

‘कुठली घंटा म्हणतीस?’

‘जुन्या देवळातली, आप्पा. मारुतीच्या.’

‘ती हितं हाय की. मी काढली. ट्रॅक्टर कुठला तवा, बैलगाडीत घातली. खाली कडबा टाकला, वाटंनं वाजू नये म्हणून. आज सकाळी तूच वाजवून आलीस.’

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी हसून सावरायला गेले. ‘पण आप्पा, आजी सांगायची ना, पाण्यातून ऐकू येते म्हणून.’

‘तुझी आजी सांगायची. मी तिला कदी अडवलं न्हाई. तिचं घर गेलं हुतं.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुझं काय गेलं?’

ते उठून आत गेले. कातरलेली सुपारी बाजेवर तशीच पडली होती. मुलींनी विचारलं, ‘आत्या, पुढे?’ मी म्हटलं, पुढचं लिहायचंय अजून.

संध्याकाळी चुलीपाशी आई म्हणाली, ‘तू विहिरीचं वाचायला लागलीस तवाच तुला थांबवायला पायजे हुतं मी.’ ती विहीर मला माहीत नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात आप्पांनी आणि थोरल्या काकांनी स्वतः खणलेली, सात परस खोल. आप्पा तेव्हा तेवीस वर्षांचे होते. पाणी लागलं त्या दिवशी म्हणे गूळ वाटला होता. सात-आठ वर्षांत तिच्यावर धरणाचं पाणी आलं. माणसांनी घरं उतरवून चौकटी, तुळया, दारं सगळं नव्या गावठाणात आणलं. देव आणले, घंटा आणली. विहीर कशी आणणार? आप्पा तिच्याबद्दल कुणाशीच बोलत नाहीत, माझ्याशीही कधी बोलले नव्हते. मी आपली सहज, गोष्टीत खाली जायला वाट लागते म्हणून विहीर घातली होती.

पुण्याला परत येताना गाडीत मी मनातल्या मनात आप्पांशी भांडत होते. माझं काय गेलं? ज्याला आठवणसुद्धा नाही त्याचं काहीच जात नाही का? तुम्ही निदान नदीत पोहलात. माझ्या वाट्याला एक आकडा आला, रोज पेपरात येतो तो, धरण इतके टक्के भरलं, उणे इतके टक्के झालं. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा आहे, म्हणजे तळाचं, एरवी वापरात न धरलेलं पाणी. पातळी त्याच्यात उतरली की टक्के उणे होतात. आमचं गाव त्या शब्दात आहे. त्यावर मी एक दिवा लावला तर कुणाचं काय बिघडलं?

हे मला आजही पटतं. पूर्ण नाही पटत. कारण ज्या नाथमाधवांना मी ढालीसारखं पुढे धरत होते, ते स्वतःच्या मोडलेल्या शरीरातून लिहीत होते. मी आप्पांच्या अंगात हात घालून ओढत होते आणि काय निघतंय हे बघायच्या आधी त्याला रंग देत होते. खाली गाव जसंच्या तसं नाही. खाली गाळ आहे. जसंच्या तसं असतं तर कुणाचं काही गेलंच नसतं, मग आप्पा चाळीस वर्षं कशासाठी गप्प आहेत? माझी गोष्ट सुंदर होती आणि तिनं त्यांचं नुकसान रद्द करून टाकलं होतं. पतसंस्थेत अशी नोंद केली तर नोकरी जाते.

पण मग आजीचं काय? तिनंही तेच केलं होतं. तिला तो हक्क होता आणि मला नाही, हे कोण ठरवणार? आप्पांनी ठरवलं आणि मी ते मान्य केलं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. वाचायचा आणि पाहायचा नेम मी १६ ऑगस्टपर्यंत पाळला. वहीतली शेवटची अकरा पानं कोरी राहिली. ‘वेळच होत नाही’ ते हे.

पुढच्या उन्हाळ्यात धरण फार खाली गेलं, मे अखेरीस उणे पन्नासच्याही खाली. पलीकडे पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर उघडं पडलं, लोक गाड्या करून बघायला यायला लागले. मी एकटीच माहेरी गेले आणि चुलतभावाला घेऊन जुन्या गावाच्या बाजूला उतरले. आप्पांना विचारलं, येता का? नाही म्हणाले.

वरच्या अंगाला गाळपेर केलेली होती, हिरवा कडवळ उभा होता. त्याच्या खाली भेगाळलेला गाळ, पाय ठेवला की वरचा पापुद्रा मोडायचा. शिंपले, तुटलेली जाळी, चिलापीचा वास. काही ठिकाणी जोत्याचे दगड ओळीत दिसत होते. एका जागी जात्याची अर्धी तळी पडली होती, खुंट्याच्या भोकात गाळ वाळून घट्ट झालेला. मी नखानं तो थोडा उकरला आणि सोडून दिला. विहीर कुठे, म्हणून भावाला विचारलं, तर त्यानं तीन वेगवेगळ्या जागा दाखवल्या. त्यालाही माहीत नव्हतं. तो माझ्याहून लहान आहे. दोन तास फिरलो. सगळीकडे तोच सपाट गाळ.

रात्री जेवताना आप्पांनी भाकरी कुस्करता कुस्करता विचारलं, ‘दिसली का?’

कशाबद्दल विचारतायत ते मला कळलं. मी म्हटलं, ‘दिसली.’

‘दगड हायती?’

‘आहेत. वरचे थोडे ढासळलेत.’

‘आतलं?’

‘गाळानं भरलीय, पण वरच्या पायऱ्या दिसतात.’

आप्पांनी कालवण ओतून घेतलं. आई माझ्याकडे बघत नव्हती.

‘तिला पायऱ्या नव्हत्या,’ ते म्हणाले. ‘दोरावर उतरायचो आमी. गोष्टीतबी तू पायऱ्याच केल्या हुत्यास.’

मग ते जेवत राहिले, आणि मीही.