झोपेची तेवढी द्या

"झोपेची तेवढी द्या, वरची नको." काकांनी काउंटरवर चिठ्ठी सरकवली. आठच दिवसांची, पण खिशातल्या घामानं पार मऊ पडलेली. वर सर्ट्रालीन, मनाच्या आघातावरची; खाली क्लोनाझेपाम, झोपेची. काका १९९९ला कारगिलला होते.

"वरचीनं काय फरक पडंना."

ती लागू पडायला चार-सहा आठवडे जातात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. झोपेच्या गोळीची सवय लागते, हेही नाही.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, युद्धाच्या मानसिक आघातावर क्लोनाझेपामच्या जातीची औषधं नकोत. आधी बोलण्यातून उपचार, नाहीतर सर्ट्रालीनसारखी गोळी.

दिवाळीत फटाके सुरू झाले की काका गोठ्यात जाऊन बसतात, असं काकू हळूच म्हणाल्या. इतकी वर्षं!

त्यांच्याशी बोलत बसणारं माणूस तालुक्याला कुठं मिळेल?