पाय आधी भिजले

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष द्यायला कुणी उभं राहिलं की गोष्ट बहुतेक एकाच वाटेनं जाते. संकट आलं, गुडघे टेकले, देवानं उत्तर दिलं. त्या साक्षी खऱ्या असतात आणि ऐकून मला बळही येतं. पण त्यातला मधला भाग लोक फार लवकर उरकतात. प्रार्थना झालीय, उत्तर काही आलेलं नाही, मन डळमळतंय आणि निर्णय तर उद्यावर आलाय. मला त्या मधल्या भागाबद्दलच लिहायचंय, कारण देव मला तिथंच भेटला.

माझी धाकटी नणंद बैलहोंगलकडं दिली होती. ती वारली तेव्हा तिची मुलगी पाचवीत होती. पुढं मुलीच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि पोरगी या घरातून त्या घरात फिरू लागली. पाहुण्यांपैकी कुणी हॉस्टेल सुचवलं, कुणी म्हणालं, तुमची दोन आहेतच, तिसरीचं ओझं कशाला? आम्ही बेळगावात, वडगावला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. हे उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराईत हाताला उसंत नसते आणि आषाढात मशीनवर कापड झाकून ठेवावं लागतं. हिशेबाची वही काढून आम्ही दोघं बसलो. कसाही मांडला तरी हिशेब जुळत नव्हता.

हे म्हणाले, "आणायची तर आणूया. पण मला भ्या वाटतंय. तू काय म्हणतीस?"

मलाही भीतीच वाटत होती. आणि नुसती पैशाची नाही. नणंदेच्या दुखण्यात आम्ही उपास केले होते, रात्र-रात्र जागून प्रार्थना केली होती. ती बरी झाली नाही. त्यानंतर "प्रभू पुरवील" हे वाक्य तोंडातून निघताना माझ्याच कानाला खोटं वाटायचं. देव आहे याबद्दल शंका नव्हती, तो आमचं ऐकतो का, याबद्दल होती. ज्याच्या भरवशावर पोर घरात आणायची, त्याच्याशीच माझं मन मोकळं नव्हतं.

त्या दिवसांत पाळकांनी बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय घेतला होता. इस्राएल लोकांना यार्देन नदी ओलांडायची, आणि दिवस कापणीचे. त्या दिवसांत ती नदी दुथडी भरून वाहते, असं तिथंच लिहिलंय. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी, खांद्यावर घेतलेले याजक पुढं, लोक मागं. पूर्वी मिसरातून निघताना तांबड्या समुद्रापाशी पाणी आधी दुभंगलं, मग लोक आत उतरले. इथं तसं झालं नाही. याजकांचे पाय पाण्याच्या काठाला बुडाले, मग पाणी थांबलं. आणि थांबलं ते त्यांच्या पायांपाशी नव्हे, तर फार दूर वर, आदाम नावाच्या नगरापाशी.

हे "फार दूर" मी अनेकदा वाचलं होतं, पण त्या दिवशी ते मनाला लागलं, कारण माझं सासर मलप्रभेच्या काठी, खानापूरच्या अलीकडं. नदी उगम पावते कणकुंबीला, घाटाच्या माथ्यावर. तिकडं पाऊस थांबला तरी आमच्या गावात त्याचा पत्ता नसतो. इकडं पाणी तसंच गढूळ, तसंच फोफावत चाललेलं. वर ओसरलंय हे खाली कळायला वेळ जातो. यार्देनेत उभ्या त्या याजकांना आदामापाशी काय चाललंय ते कुठून दिसणार? त्यांना दिसत होतं ते पायाखालचं पाणी. खांद्यावर कोश आणि पुढं टाकायचं पाऊल, एवढंच त्यांच्या हातात होतं. त्यांच्या मनात शंका नव्हती असं तो अध्याय कुठं म्हणत नाही. ते चालले, एवढंच सांगतो.

माझ्यासाठी तेवढं पुरलं. मन पक्कं व्हायची वाट बघत बसले असते तर पोरगी आणखी दोन घरं फिरली असती.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायातला तो बापही मला तेव्हापासून जवळचा वाटतो. आजारी मुलाला घेऊन आलेला. मी विश्वास धरतो आणि माझा अविश्वास घालवून टाका, हे दोन्ही तो एका दमात म्हणतो. आधी शंका मिटवून ये, मग तुझ्या मुलाचं बघतो, असं येशू त्याला म्हणाला नाही. मुलाला बरं केलं. शंका हे पाप आहे, ती मनात आली म्हणजे विश्वास संपला, असं जे शिकवतात त्यांनी या बापाकडं नीट बघावं, असं मला कळकळीनं वाटतं. ती शंका घेऊन तो येशूकडंच आला होता, घरी बसला नव्हता.

आपल्या मराठी मंडळ्यांत तरी हे नवं नसावं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्याच निर्णयापर्यंत यायला १९०० साल उजाडलं. मधली वर्षं ताटातुटीची, रडण्याची, प्रश्नांची. त्या बाईचा विश्वास कच्चा होता असं कोण म्हणेल? पुढं या दोघांच्या घरात कितीतरी परकी मुलं वाढली.

भाची आली ती एक स्टीलचा डबा, कपड्यांची पिशवी आणि आईचं कन्नड बायबल घेऊन. पहिले काही आठवडे ती जेवताना दुसरी भाकरी घेण्याआधी माझ्याकडं बघायची. "मामी, आणि एक घेऊ का?" मी हो म्हणेपर्यंत हात ताटाकडं जायचा नाही. माझी मुलं न विचारता टोपलीत हात घालत होती आणि ही विचारत होती. ते बघताना आतून पीळ पडायचा. मग मी भाकरी टोपलीत ठेवायचीच बंद केली. तव्यावरून उतरली की सरळ तिच्या ताटात.

शाळा तिची कन्नडच ठेवली. संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायचो आणि ती हळू आवाजात "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये" म्हणायची. शेवटचं आमेन तेवढं एकत्र यायचं. आता दोन्ही भाषांत तिला सगळं पाठ आहे.

पैसा आकाशातून पडला नाही. फाउंड्रीत कामाच्या पाळ्या कमी झाल्या तो काळ फार ओढीचा गेला, मंगळसूत्रातले मणीही मोडले. पण शेजारणीनं कधी तांदूळ आणून दिले, मंडळीतल्या एका शिक्षकानं गणिताची शिकवणी फुकट घेतली, आणि घरातलं कुणी उपाशी झोपलं नाही. नणंद का गेली, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मी ते देवाला अजून विचारते. तो माझ्या विचारण्याला कंटाळलेला नाही, हे मात्र मला आता पक्कं ठाऊक आहे.

ती यंदा एसएसएलसी, म्हणजे दहावी, पास झाली. नर्सिंगला जायचं म्हणते, म्हणून पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला नाव घातलंय. पहिला हप्ता भरला. दुसरा दसऱ्याच्या आत भरायचाय, आणि तो कुठून येणार ते ठरलेलं नाही. यांनी ओव्हरटाइम मागितलाय, मी शेजारच्या साडीच्या दुकानातून फॉलची जादा कामं घेतलीत. तुम्ही वाचताय तर तुमच्या प्रार्थनेत आमच्या पोरीला आठवा. फिजिक्स तिला जड जातंय, तेही सांगा देवाला.